पावलांचा कानोसा

भिवंडीत शांतता अशी नसतेच. मध्यरात्र उलटली तरी गल्लीतले यंत्रमाग खटखटत असतात, त्यांची थरथर भिंतीतून उशीपर्यंत पोहोचते, आणि वीज जाऊन ती अचानक थांबली तर गाढ झोपलेली पोरं दचकून उठतात. अशा गावातले आम्ही काही मित्र वाळवंटात धावायला निघालो. रोज धावायचं, संध्याकाळी वाळूवरच अंग टाकायचं आणि उजाडलं की पुन्हा धावायचं.

सराव पहाटेचा, वज्रेश्वरीच्या रस्त्यावर. अंबाडी मागे पडली की गोदामांचे पत्रे संपत, तानसा नदीचा ओलावा नाकाला जाणवे, आणि धावणं आटोपलं की गणेशपुरीच्या गरम पाण्यात पाय सोडून आम्ही निवांत बसून राहत असू. आमच्यातला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, रात्रपाळी संपवून थेट तिथे येई. त्याच्या केसांत कापसाचं तूस अडकलेलं असे. मास्तर शाळेच्या घंटेआधी परतायचं म्हणून घड्याळाकडे बघत. आम्ही एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होतो.

निदान तसं वाटत होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी जैसलमेरचा किल्ला पाठीमागे सोनेरी होत होत दिसेनासा झाला. वाटेत कुलधरा लागलं. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं, छपरं नसलेल्या भिंतींचं गाव. जिथे वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे या लोकांनी उतारावर मातीचे लांब बांध घातले, वाहून जाणारं पाणी अडवलं, ते जमिनीत मुरू दिलं आणि त्याच ओलीवर हिवाळ्यात गहू काढला. तेवढा पाऊस आमच्याकडे एखाद्या जुलैत एक-दोन दिवसांत कोसळून कामवारी नदीतून खाडीला जातो. त्या भिंतींपाशी उभं राहून बाटलीतला घोट घेताना तो गिळायचा धीरच होईना. जिभेवर घोळवत राहिलो.

मग वाळू. पहाटे गारव्याने बसलेली, पावलाला जरा आधार देणारी. उन्हं चढली की भुसभुशीत होऊन प्रत्येक ढांगेतला अर्धा जोर गिळणारी. वाऱ्याकडचा उतार त्यातल्या त्यात घट्ट, पलीकडचा पायाखालून निसटणारा. पोटऱ्या पेटतात, ओठांवर मीठ साचतं, नखांखाली काळं रक्त साकळतं. आणि क्षितिजावरची ती एकटी शमी कितीही धावलं तरी होती तिथेच उभी राहते. आवाज कुठेच नसतो. सुरुवातीला त्या शांततेची भीती वाटली. स्वतःच्या कानशिलातलं रक्त एवढं मोठ्याने वाहतं, हे मला माहीतच नव्हतं.

पात्रीक बाओर नावाच्या फ्रेंच तरुणाची आठवण अशा वेळी सोबतीला येई. 1984 मध्ये तो सहारातून सुमारे 350 किलोमीटर एकटा चालला, 12 दिवस, पाठीवर स्वतःचं अन्नपाणी घेऊन. परतल्यावर त्याने काय करावं? 1986 मध्ये त्याने मोरोक्कोत शर्यत भरवली आणि 23 जणांना वाळूत नेलं. आज शेकडो लोक तिथे सुमारे 250 किलोमीटर धावतात आणि रात्री एकेका तंबूत दाटीवाटीने निजतात. एकांत पुरेपूर भोगलेल्या माणसालाही तो कुणाबरोबर तरी वाटून घ्यावासा वाटला असेल का?

हळूहळू ती शांतता भरू लागली. मास्तरांची टाच आधी टेकते. जॉबर ठरावीक पावलांनी श्वास सोडतो, हुं करून. एकाच्या पिशवीची कडी किणकिणते, एकजण उजवा पाय किंचित ओढतो. मागांच्या गदारोळात आम्ही आयुष्यभर ओरडून बोललो, हसलो, भांडलो. पण या माणसांना मी कधी ऐकलंच नव्हतं.

सर्वांत लांबच्या पल्ल्यात रात्र झाली. डोक्यावर आभाळभर चांदणं, पुढे दिव्याच्या उजेडाचं ताटलीएवढं वर्तुळ. अचानक जॉबर थांबला. चोवीस मागांच्या खटखटीत एका मागाचा धोटा चुकला तरी ज्याचा कान टवकारतो, त्याला आमच्या पावलांतलं एक पाऊल कमी ऐकू आलं होतं. मागे वळून गेलो. मास्तर एका टेकाडाच्या पायथ्याशी बसले होते, बूट हातात घेऊन.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले.

"पुढे कोण आहे आपलं?" जॉबर म्हणाला. "पाणी घ्या, मास्तर."

सगळे वाळूत बसलो. त्यांच्या पायाला पट्टी बांधली, थोडे चणे वाटून खाल्ले, आणि उठलो तेव्हा मास्तर सर्वांत पुढे होते. तेव्हापासून आमचा वेग त्यांच्या पावलांनी ठरवला.

लांबचं अंतर ज्याने त्याने आपल्याच पायांनी तोडायचं असतं. तिथे कुणाचा पाय कुणाला उसना मिळत नाही. पण आपलं पाऊल थांबलं तर ते ज्याच्या ध्यानात येईल असं एक माणूस ऐकण्याच्या टप्प्यात असावं, आणि आपणही कुणासाठी कान असा उघडा ठेवावा. मैत्रीकडून याहून अधिक मी काही मागत नाही.

आणि याहून कमीही नाही.