स्टॉकहोमचे कथील

सोने, रुपे, तांबे, पितळ, कांसे या धातूंना मराठी घरात आपापले मानाचे स्थान आहे. कथलाला मात्र स्वतःचे असे ताट नाही, वाटी नाही. कांशात ते तांब्याच्या सोबतीने दडलेले असते आणि कल्हईच्या रूपाने पितळेच्या पोटाला चिकटून राहते. कल्हईवाला भात्याने निखारे फुलवून, नवसागराचा धूर उडवून, कापसाच्या बोळ्याने भांड्याच्या आत जी रुपेरी झळाळी फिरवी, ती कथलाची. तिच्यावाचून ताक कळकायचे. पण फडताळात मिरवायचे ते पितळच. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला हा दुय्यम धातू स्वतःच्या नावाने मेजावर मांडलेला पाहायचा असेल, तर त्याने स्वीडनच्या राजधानीत जावे.

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसले आहे. मेलारेन सरोवराचे गोडे पाणी येथे बाल्टिक समुद्रास मिळते, आणि कोठल्याही रस्त्याने चालू लागले तरी थोड्याच वेळात पाणी सामोरे येते. अशाच एका पाण्याच्या काठाने ‘स्ट्रान्डव्हेगन’ नावाचा रुंद रस्ता जातो. नावाचा अर्थच ‘किनाऱ्याचा रस्ता’. एका बाजूस नांगरलेल्या नौका, मधे झाडांच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूस भारदस्त जुन्या इमारती. त्यांतल्या पाच क्रमांकाच्या इमारतीत ‘स्वेन्स्क्ट टेन’ हे दुकान १९२७ पासून आहे. स्वीडिश भाषेत ‘टेन’ म्हणजे कथील, आणि कथलात थोडे अँटिमनी व तांबे मिसळून जो मिश्रधातू होतो, ज्याला इंग्रज ‘प्यूटर’ म्हणतो, त्यालाही ‘टेन’च म्हणतात. तेव्हा दुकानाच्या नावाचा सरळ अर्थ ‘स्वीडिश कथील’ असा झाला. आज हे दुकान मोठ्या फुलापानांच्या रंगीत कापडांसाठी अधिक प्रसिद्ध आहे. पण त्याच्या नावातले कथील आजही तेथे भांड्यांच्या रूपाने विकले जाते.

हा धातू स्वीडनला नवा नव्हता. त्याची साक्ष पाहायला लांब जावे लागत नाही. याच रस्त्याच्या टोकाशी पूल ओलांडला की यूरगोर्डन बेट लागते, आणि तेथे ‘वासा’ जहाजाचे संग्रहालय आहे. राजाची ही भव्य युद्धनौका १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदरातच बुडाली आणि १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढली गेली. तिच्या पोटात खलाशांची लाकडी भांडी मिळाली, तशी कथलाचीही मिळाली. लाकूड सामान्यांचे, रुपे राजाचे आणि मधल्या प्रतिष्ठितांचे कथील, अशी त्या काळची उतरंड होती. पुढे चिनी मातीची आणि काचेची भांडी स्वस्त झाली, तशी कथलाची ताटे मागे पडली. ही ताटे वितळवायला सोपी, कारण कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसलाच पाघळते. जुने देऊन नवे ओतून घ्यायचे, ही तर परंपराच होती. त्यामुळे किती पिढ्यांची भांडी मुशीत गेली, त्याची गणतीच नाही.

या विस्मरणात पडलेल्या धातूला एका स्त्रीने पुन्हा वर आणले. एस्ट्रिड एरिक्सन (१८९४–१९८१) ही मुळात चित्रकलेची शिक्षिका. वडिलांकडून वारशाने आलेल्या पैशावर तिने १९२४ साली, निल्स फुगस्टेड्ट या कथलकाम जाणणाऱ्या कलावंताच्या साथीने, हे दुकान काढले. दुसऱ्याच वर्षी, १९२५ च्या पॅरिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात, त्यांच्या कामाला सुवर्णपदक मिळाले. १९३४ साली योसेफ फ्रांक हा व्हिएन्नाचा वास्तुविशारद तिच्याकडे आला. ज्यूद्वेषाच्या वाढत्या वणव्यामुळे त्याने आदल्याच वर्षी ऑस्ट्रिया सोडला होता. त्याने कापडे आणि फर्निचर रेखले, तिने ती मांडली, आणि दोघांनी मिळून घर सजवण्याची एक निराळीच रीत स्वीडनला दिली. १९७५ साली तिने आपला व्यवसाय एका संस्थेच्या स्वाधीन केला.

या साऱ्यामागे एक विचार होता. ग्रेगोर पाउल्सन या स्वीडिश विचारवंताने १९१९ साली एक छोटे पुस्तक लिहिले. ‘रोजच्या वस्तू अधिक सुंदर हव्यात’ हे त्याचे सूत्र. सौंदर्य श्रीमंताच्या कपाटात कोंडून ठेवायचे नाही, तर कामकरी माणसाच्या कपबशीत उतरवायचे. १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनाने हे सूत्र गावभर गाजवले. रुपे परवडत नाही अशा घराला कथील परवडत होते, म्हणून या सूत्राला ते नेमके मानवले. विसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर युरोपात घडलेली कथलाची भांडी पाहावीत: सरळ अंगाचे पाणीपात्र, बसकी साखरदाणी, मेणबत्तीची बैठक. नक्षी जवळजवळ नाहीच. काही किटल्यांच्या मुठीला हात भाजू नये म्हणून वेत तेवढा गुंडाळलेला. झळाळीही रुप्याइतकी नाही. ढगाळ दिवशी समुद्रावर जो मंद उजेड असतो, तो या धातूत आहे.

इंदूरकरांना येथे आपल्या माणिकबागेची आठवण व्हावी. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या त्याच काळात एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुविशारदाकडून तो आधुनिक राजवाडा सजवून घेतला. त्यांच्या मेजासाठी पॅरिसच्या ज्याँ पुइफोरका याने घडवलेली रुप्याची उपकरणे होती, तीही अशीच नक्षीविरहित, रेषेच्या शुद्धतेवर उभी. एकच युग, एकच रुची. पण इंदुरात ती राजाच्या रुप्यात उतरली आणि स्टॉकहोमात शिक्षकाच्या कथलात. माणिकबागेतले मौल्यवान सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात विकले गेले आणि जगाच्या संग्रहालयांत पांगले. स्टॉकहोमचे कथील मात्र अजून रविवारच्या जुन्या बाजारात, ह्योतोरयेत चौकात, सामान्य माणसाच्या हाताला लागू शकते.

ते शोधू पाहणाऱ्यांसाठी एक मोठी सोय आहे. स्वीडनमध्ये रुप्यावर आणि कथलावर वर्षाचे अक्षर ठोकण्याची पद्धत १७५९ पासून चालत आली. चोवीस अक्षरांचे एक आवर्तन संपले की पुढचे सुरू होते, आणि अक्षराजवळचा अंक आवर्तनाचा क्रम सांगतो. ‘ए ८’ म्हणजे १९२७, ‘झेड ८’ म्हणजे १९५०, ‘ए ९’ म्हणजे १९५१ आणि ‘के ९’ म्हणजे १९६०. भांडे पालथे करावे, भिंग लावावे, आणि ते कोणत्या साली कोणी घडवले ते वाचून घ्यावे. माणसाची जन्मपत्रिका हरवते. या वाटीची तिच्या बुडावरच कोरलेली असते. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा या ठशावर भरवसा ठेवणे श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट निगेची. कथील मऊ असते. नखाने नाही, पण चमच्याने ओरखडते आणि पडले तर पोचते. त्याला विस्तवावर किंवा भट्टीत ठेवू नये, लिंबू-चिंचेचा संसर्ग होऊ देऊ नये. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा. चिंचेने पितळ घासण्याची आपली सवय येथे पूर्ण विसरावी, कारण वर्षानुवर्षांच्या वापराने चढलेली करडी छटा हीच या भांड्याची कमाई असते. ती घासून काढली की भांडे नवे दिसते खरे, पण त्याची पन्नास-साठ वर्षे पुसली जातात. फार जुन्या कथलात शिसे असे. म्हणून तशी ताटे पाहावीत, त्यांत जेवू नये.

विसाव्या शतकातील शिसेविरहित भांड्याचे मात्र उलट आहे. ते वापरासाठीच घडले. काचेच्या कपाटात कुलूपबंद करून किंमत वाढण्याची वाट पाहणारा संग्राहक त्याचा मालक होतो, सोबती होत नाही. मुलाच्या हातून पडून आलेला पोचा, रोज त्याच जागी धरल्याने उजळलेली मूठ, ही घराची दप्तरे आहेत. ती लिलावाच्या यादीत ‘दोष’ म्हणून नोंदली जातात, एवढेच.

आणि मग आपल्या घरांकडे नजर वळते. पोलाद आले तेव्हा आपल्या आजीची पितळी पातेली, कांशाच्या थाळ्या, तांब्याचे बंब मोडीच्या भावाने वजनावर गेले. कल्हई उतरलेले पितळ कोण सांभाळणार, हा प्रश्न खोटा नव्हता. राबणाऱ्या बाईला हलके, न कळकणारे भांडे हवेच होते. परंतु बुडावर नाव घातलेली, लग्नाची तारीख कोरलेली भांडीही त्याच तराजूत पडली. त्या नावांचा आणि तारखांचा भाव तराजूला कळत नाही. आज जे उरले असेल, एखादे गडू, एखादे ओगराळे, ते पालथे करून वाचावे, मुलांना वाचून दाखवावे, कल्हई करून पुन्हा चुलीजवळ आणावे. कथलाचा मान राखण्याची आपली रीत तीच आहे.