पंखांखालची परकी पिल्ले

कोथरूडच्या गावठाणाला चहूबाजूंनी सोसायट्यांनी वेढले असले, तरी आमच्या बैठ्या घराच्या परसात चार गावठी कोंबड्या अजून नांदतात. कोंबडा मात्र नाही. त्याच्या आरवण्याने शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही तो पाळीत नाही. त्यामुळे एखादी कोंबडी खुडूक झाली, की ती २१ दिवस सोडा, वर्षभर बसली तरी अंड्यांतून काही निघावयाचे नाही. पिसे फुलवून, दाणापाणी टाकून ती त्या निष्फळ अंड्यांना ऊब देत राहते, तेव्हा पाहणाऱ्याचा जीव कळवळतो.

यंदा आम्ही ठरविले, की हिच्या पदरात विकतची पिल्ले घालावयाची. शहरात पिल्लांची वाण नाही. खडकीला तर शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रच आहे. यंत्राच्या उबेत जन्मलेल्या पिल्लांना आई नसते आणि आमच्या कोंबडीला पिल्ले नसतात. दोघांची गाठ घालून द्यावी, एवढेच आमचे काम होते.

एका शेतकरी स्नेह्याने मागविलेल्या पेटीतून आम्ही गिरिराज जातीची आठ पिल्ले विकत घेतली. ती एक दिवसाचीच असावीत, हा आमचा आग्रह होता. अंड्यातील बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर पडते. त्या शिदोरीवर ते दोनेक दिवस तग धरते. आपली आई कोण, हेही ते त्याच काळात शिकते. कोनराड लोरेन्झ यांच्यामागे हंसिणीची पिल्ले आईसमजुतीने धावत, हे पुष्कळांनी वाचले असेल. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दिव्याच्या उबेला सरावलेले आठवडाभराचे पिल्लू मात्र कोंबडीच्या हाकेला ओ देत नाही, आणि कोंबडीही त्याला परके मानून टोचते.

रात्री अंधारात आम्ही एकेक अंडे काढीत गेलो आणि त्या जागी एकेक पिल्लू सरकवीत गेलो. कोंबडी गुरगुरली, पण उठली नाही. तिने नाकारलेच, तर जीव वाचावेत म्हणून खोक्यात दिवा लावून ठेवला होता. उजाडता उजाडता घशातल्या घशात तिचा हलका आवाज सुरू झाला. सात पिल्ले त्या आवाजासरशी तिला बिलगली. आठवे समोर आले, तसे तिने चोच मारली. आम्ही ते उचलून दिव्याखाली ठेवले. सायंकाळी अंधार पडल्यावर पुन्हा मागील बाजूने पंखाखाली सारले. सकाळी मोजले, तर आठही एकत्र होती. आठवे कोणते, ते आम्हांला ओळखता येईना.

येरुशलेमविषयी शोक करताना प्रभू येशूने पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचीच उपमा दिली (मत्तय २३:३७). जैतुनांच्या डोंगरावर १९५५ साली पूर्ण झालेल्या ‘दोमिनुस फ्लेविट’ मंदिराच्या वेदीवर तेच चित्र मोझेकमध्ये जडविले आहे. पंख पसरलेले होते. पिल्लांनी येण्याचे नाकारले, हे त्या शोकाचे कारण. पंख पसरणे कोंबडीच्या हाती, हाक ऐकून येणे पिल्लांच्या, हे आम्हांला त्या आठ दिवसांत परसात पाहावयास मिळाले.

गिरिराजची वाढ झपाट्याची. दोन महिन्यांत ती पिल्ले आईला भारी झाली. तरी पावसाची सर आली, की आठही जणे धावत येऊन त्या लहानखुऱ्या गावठी कोंबडीच्या पंखांखाली निदान डोके तरी खुपसतात. बाकीचे अंग भिजते. त्याची त्यांना पर्वा नसते.