आधी फ्लॅट, मग रस्ता

तू,

तुझा फोटो मिळाला. टोपी इतकी खाली ओढलीयस की नुसतं नाक दिसतंय. पण नाकावरूनच ओळखलं मी. आता माझ्याकडची बातमी ऐक, आणि हसायचं नाही. तुला सांगते, सध्या आमच्या घरात तुझ्या फिनलंडमधल्या ताम्पेरेचं नाव रोज निघतं, आणि ते तुझ्यामुळे अजिबात नाही.

ह्यांना कॉम्प्युटरवर शहर बांधायचा नाद लागलाय! हो, ह्यांना. टेल्कोत प्लॅनिंगला जन्म काढलेला, पत्त्यांच्या डावालासुद्धा 'वेळेचा अपव्यय' म्हणणारा माणूस. धाकटा मुलगा बंगलोरला जाताना जुना कॉम्प्युटर ठेवून गेला, त्यात 'सिटीज स्कायलाइन्स' हा खेळ होता. एका पावसाळी दुपारी वीज यायची वाट बघून कंटाळलेले हे, ती आल्यावर तिथे जाऊन बसले, ते अजून उठायचेत. आणि गंमत बघ, हा खेळ करणारी 'कलॉसल ऑर्डर' ही कंपनी तुझ्या गावातली! इतकी वर्षं तिथे राहून तुला पत्ता नसेल, पैज लावते. लहानपणी आपल्या एचए कॉलनीत तरी तुला शेजारच्या क्वार्टरमध्ये कोण राहतं ते कुठे ठाऊक असायचं म्हणा.

खेळ तसा जुना, मार्च २०१५चा. धाकट्याने फोनवरून मला त्याची सगळी कुळकथा सांगितली. त्याआधी शहर बांधायचा खेळ म्हणजे अमेरिकेतला 'सिमसिटी'. २०१३ साली त्याची नवी आवृत्ती आली ती अशी, की घरात एकट्याने खेळायचं तरी इंटरनेट चालू हवं. पहिल्याच आठवड्यात त्यांचे सर्व्हर बसले. पैसे मोजलेली माणसं रांगेत उभी, आणि शहर उघडेना. बरं, जे आत शिरले त्यांची तक्रार की जागा फारच थोडी. तर कंपनीने त्याच वर्षी पुरवणी काढली, तिच्यात काय दिलं माहीत आहे? त्याच टीचभर जागेत उभे करायला प्रचंड मनोरे! मी म्हटलं, अरे, हे तर आपलं वाकड-रावेत झालं. दोन वर्षांनी त्या कंपनीचा तो मूळ स्टुडिओ बंद झाला, आणि पुढच्याच आठवड्यात तुझ्या गावच्या डझनभर माणसांनी आपला खेळ बाजारात आणला. पहिल्या चोवीस तासांत अडीच लाख प्रती गेल्या, महिन्याभरात दहा लाख. जागा ऐसपैस, इंटरनेटची सक्ती नाही, आणि कोणीही स्वतः इमारती, रस्ते बनवून त्यात घालावेत, सगळ्यांना वाटावेत. लोकांनी डोक्यावर घेतलं.

मग त्याच सप्टेंबरात पहिली मोठी पुरवणी आली, 'आफ्टर डार्क'. शहरात रात्र झाली. पण रात्र विकली नाही गं त्यांनी! अंधार आणि उजेड सगळ्यांना फुकट, आणि टॅक्सी, सायकलचे रस्ते, बसची वेगळी लेन, तुरुंग, समुद्रकाठची करमणूक, एवढंच काय ते विकत. धाकट्याचं म्हणणं, फुकट मिळालेली रात्रच विकतच्या मालापेक्षा मोठी होती. मला तर आवडलीच ही रीत. आणि योगायोग म्हणजे त्याच २०१५च्या सप्टेंबरात आपल्याकडे सांगवी ते किवळे बीआरटी सुरू झाली. म्हणजे त्यांना आणि आपल्याला बसची लेन एकाच महिन्यात मिळाली! फरक एवढाच, की त्यांच्या लेनमध्ये बस चालते. ह्यांनी पहिल्यांदा ती लेन आखली तेव्हा कितीतरी वेळ टक लावून बघत होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "एकही ॲक्टिव्हा घुसली नाही."

रात्रीबद्दल मात्र ह्यांची तक्रार आहे. तिकडे रात्र म्हणजे दिवे, नाचगाणी आणि मोकळे रस्ते. आपल्या भागात रात्रीचे अकरा वाजले की सेकंड शिफ्टच्या बसेस परत येतात आणि थर्डच्या निघतात. आकुर्डीपासून भोसरीपर्यंत डबे हातात घेतलेली माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी असतात. "ह्या पोरांनी थर्ड शिफ्ट केलेली नाही," असा निकाल ह्यांनी देऊन टाकला. तुझ्या गावात कापडाच्या गिरण्या होत्या ना गं? ती फिनलेसनची, १८२०ची? म्हणजे त्यांच्या पणज्यांनी तरी केलीच असणार. पण ह्यांना कोण सांगणार!

आता ह्यांच्या शहराची हकिकत. नाव 'नवी निगडी'. पेठांना नावं द्यायची सोय आहे, तर ह्यांनी दिली 'सेक्टर २५', 'सेक्टर २६', 'सेक्टर २७'. मी म्हटलं, अहो, जगात कुठलंही नाव देता येतंय, आणि तुम्ही दाराबाहेरची पाटी लिहिताय? तर म्हणे, पत्ता सापडायला सोपं जातं. सुरुवात जोरात झाली. मग एके दिवशी सगळं गाव आजारी. घरोघर डोक्यावर आजाराचं चिन्ह, रुग्णवाहिका धावतायत. ह्यांनी दवाखाने वाढवले, तरी लोक आजारीच. शेवटी धाकट्याला फोन. तो पोट धरून हसला. बाबांनी सांडपाण्याचा पाइप नदीत सोडला होता वरच्या अंगाला आणि पिण्याच्या पाण्याचा पंप बसवला होता खाली! सगळं गाव आपलंच सांडपाणी पीत होतं. मी लगेच म्हटलं, आपला रावेतचा बंधारा बघायचा होता की. पवनेचं पाणी वर उचलतात, आणि नदीचं काय करायचं ते खाली करतात. ह्यांना ते फारसं रुचलं नाही. तेवढ्यात पाण्याची वेळ झाली म्हणून मी उठले. तुला ठाऊकच आहे, २०१९पासून आमच्याकडे दिवसाआड पाणी. नवी निगडीत चोवीस तास येतं.

आणखी एक सांगते, पण हे वाचून गप्प बसू नकोस. त्या खेळात एक भानगड आहे. नवीन वसाहत एकदम वसवली की सगळी तरुण माणसं एकाच वेळी राहायला येतात. मग ती एकाच वेळी म्हातारी होतात, आणि एके दिवशी सगळ्या घरांतून एकदमच अंत्ययात्रा. शववाहिका पुरत नाहीत, रस्ते तुंबतात. खेळणाऱ्यांत ही गोष्ट प्रसिद्ध आहे म्हणे. हे दचकून माझ्याकडे बघायला लागले. आमच्या गल्लीचा विचार कर ना. सगळे ऐंशीच्या दशकात आलो, सगळ्यांची मुलं एका वर्गात, सगळ्यांचे गुडघे एका वर्षी. संध्याकाळी बागेत कट्ट्यावर बसलं की अर्धं निगडी प्राधिकरण तिथेच. मी म्हटलं, घाबरू नका, धाकट्या पिढीला भाड्याने वरचे मजले दिलेत आपण, वयं मिसळतील. खेळात उपायही तोच आहे म्हणे, घरं थोडी थोडी करून वसवायची.

पुढची पुरवणी ह्यांनी वाढदिवसाला मागून घेतली. 'इंडस्ट्रीज', २०१८ची. आता हे चाकण बांधतायत. शेतातून माल, मालातून कारखाना, कारखान्यातून कंटेनर. फार मन लावून करतात. आणि झालं काय? सगळे ट्रक एकाच लेनमध्ये! बाजूच्या दोन लेन रिकाम्या, आणि एका लेनमध्ये नाकाला नाक लावून मैलभर रांग. ही त्या खेळाची पहिल्यापासूनची खोड, त्यावर लोकांनी बोंबही खूप मारली. पण ह्यांनी ती रांग बघितली, आणि तुला सांगते, चेहऱ्यावर घरी आल्याचा आनंद! "तळेगाव चौक," म्हणाले. त्या चौकात संध्याकाळी सहाला तू कधी अडकली नाहीस, तुझं नशीब. आपण चाकणला गेलो होतो ती संग्रामदुर्गाच्या सहलीला, आठवतंय? भूगोलाच्या बाईंना तू "फिरंगोजी नरसाळा रोज कांदे खायचा का" असं विचारलं होतंस, कारण सगळीकडे कांद्याच्या गोण्या होत्या. त्या कांद्याच्या बाजाराशेजारून आता जर्मन गाड्या निघतात. नाशिक फाटा ते खेड असा तीस किलोमीटरचा आठपदरी उन्नत रस्ता केंद्राने २०२४च्या ऑगस्टमध्ये मंजूर केलाय, ७,८२७ कोटींचा. ह्यांनी तो नवी निगडीत केव्हाच बांधून टाकला. एका दुपारीच. कंत्राटदार नाही, पिलर नाही, डायव्हर्जन नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि ह्यांचं वाजलं. शहर वाढवायचं तर खेळात शेजारचा चौरस विकत घ्यायचा. पैसे दिले की दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद जमीन तुमची. मी विचारलं, घेतली कुणाकडून? तर म्हणे, कुणाकडून नाही, ती रिकामीच असते. अगं, रिकामी कुठे असते जमीन! आपल्या वर्गातल्या त्या दोघी बहिणी आठवतात, आकुर्डीच्या? डब्यात नेहमी बाजरीची भाकरी आणणाऱ्या? त्यांचं शेत जिथे होतं तिथे आमच्या सेक्टरची बाग आहे. १९७२ साली प्राधिकरण झालं, जमिनी घेतल्या, आणि मूळ मालकांना साडेबारा टक्के परतावा द्यायचा हा वाद इतका लांबला की २०२१ साली प्राधिकरणच विलीन होऊन गेलं, वाद राहिला. मी ह्यांना म्हटलं, तुमच्या खेळात साडेबारा टक्क्यांचं बटण कुठेय ते दाखवा. दोन दिवस आमचं बोलणं चहापुरतं होतं.

बरं, तुझ्या गावकऱ्यांचं पुढे काय झालं ते ऐक. २०२३च्या ऑक्टोबरात त्यांनी खेळाचा दुसरा भाग काढला. चित्रं सुंदर, पण चांगल्या चांगल्या कॉम्प्युटरवर रांगत चालायचा. लोकांनी खोदून बघितलं, तर रस्त्यावरच्या टिकलीएवढ्या माणसांच्या तोंडात एकेक दात कोरलेला! शहरात सायकल नाही, आणि नागरिकांना बत्तीशी पूर्ण. लोक म्हणाले, आधी हे चालतं करा. तर पुढच्या मार्चमध्ये त्या कंपनीने विकायला काय आणावं? 'बीच प्रॉपर्टीज'. समुद्रकाठची घरं! आणि त्यात धड समुद्रकिनाराही नाही. लोक असे खवळले म्हणून सांगू! दहातल्या नऊ जणांहून जास्त लोकांनी वाईट शेरा दिला. शेवटी कंपनीने जाहीर माफी मागितली, पैसे परत केले आणि ती घरं सगळ्यांना फुकट देऊन टाकली.

मी हे ऐकून ताबडतोब आमच्या भाचीला फोन केला. तिने पुनावळ्याला 'रिव्हर व्ह्यू' घेतलाय. बाल्कनीतून नदी दिसते, खाली टँकर दिसतो, आणि सोसायटीपर्यंतचा रस्ता अजून नकाशात आहे. तिला म्हटलं, ताम्पेरेत अशा वेळी पैसे परत मिळतात. ती म्हणाली, "मावशी, पझेशन मिळालं हेच खूप आहे."

गेल्या नोव्हेंबरात आणखी बातमी आली. प्रकाशकाने कलॉसल ऑर्डरकडून खेळ काढून 'आइसफ्लेक' नावाच्या स्टुडिओकडे दिला, ह्या वर्षापासून तेच बघतात. आणि तेही तुझ्याच गावचे! म्हणजे खेळाने स्टुडिओ बदलला, गाव नाही. जुन्यांनी जाता जाता शेवटी सायकली दिल्या म्हणे. मला उगाचच वाईट वाटलं त्यांच्यासाठी. पहिली दहा वर्षं इतकं जीव लावून केलेलं काम, आणि लोक लक्षात काय ठेवणार, तर दात.

तर आता तुझं काम. तू रोज त्या धबधब्याच्या बाजूने फिरायला जातेस ना? त्या आइसफ्लेकमधलं कोणी भेटलं तर ह्यांचा निरोप द्यायचा. ह्यांनी कागदावर लिहून दिलंय, मी मुद्द्याचं तेवढं कळवते. थर्ड शिफ्टच्या बसेस हव्यात. चौकात वडापावची गाडी हवी, आणि अतिक्रमणवाले आले की ती आपोआप गल्लीत सरकली पाहिजे. आणि वर्षातून एक दिवस तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला यायला हवी. त्या दिवशी सगळे रस्ते बंद, ट्रॅफिक लाल, आणि तरी गावाच्या आनंदाचा आकडा वर जायला हवा. हे तिसरं त्यांना नीट समजावून सांग. फिनिशमध्ये सांगितलंस तर बरं, तेवढीच तुझी ती भाषा कोणाच्या तरी कामाला येईल.

तुझीच,
मी

ता. क. : गोडा मसाला भाचीच्या ऑफिसातल्या एका मुलाबरोबर पाठवतेय. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.