दिवेलागणीचे विमान

मुलांनो, दिवेलागणीला विमानाचा फोटो काढणे सोपे नसते. आपा नोकरीसाठी हैदराबादला निघणार होती. अम्मींना तिच्या विमानाचा फोटो हवा होता. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १९३९ सालचा. त्याच्या कुंपणाबाहेर मी हे शिकलो.

उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात विमान पुढे पळते आणि फोटोत नुसता पट्टा उमटतो! आयएसओ फार वाढवला, तर चित्रावर बारीक ठिपके दिसतात. मग काय करावे? शटर १/६० सेकंदावर ठेवा, कोपर अंगाशी घ्या आणि विमानाबरोबर कमरेतून वळत राहा. बटण दाबल्यावरही थांबू नका. मागची झाडे पुसट होतात, विमान स्पष्ट येते.

महिनाभर मी एसटी गाड्यांवर सराव केला. आपाचे विमान एकदाच उडणार होते ना!

फोटो पाहून अम्मी म्हणाल्या, "यात तिची खिडकी कोणती?"