सहल म्हणजे चैन नव्हे : सोलापूरहून भाजे, लोहगड, कार्ले

शाळेला सुट्टी लागली की आपल्या घरांतून मुलांना दोनच वाटा मोकळ्या असतात. एक मामाच्या गावाची, दुसरी गल्लीतल्या कट्ट्याची. मूल दहा वर्षांचे होईपर्यंत मामाचे गाव पुरते. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र त्याच्या अंगात रग येते, पायांना भिंगरी लागते. मुलगा कट्ट्यावर जातो, मुलगी घरात आईच्या हाताखाली राबते आणि दोघांच्या हातात मोबाईल येतो. मग आपण म्हणतो, मुले ऐकत नाहीत. परंतु त्यांना डोंगर चढायला, दूरवर चालायला आपण कधी नेले, हाही प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

"सहल ही पैसेवाल्यांची चैन" असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर उभे राहणाऱ्या, झाडूखात्यात राबणाऱ्या माणसाला एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते, हे खरेच आहे. तरीही सहल आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती, हे विसरू नये. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ धुवायला काहींनी दरवाज्याजवळच्या टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून गर्दी जमली. अखेर त्यांना किल्ला पाहू दिला तो आत कुठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारी शिपाई देऊन. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आज आपली मुलगी गडावर चढून मोकळेपणाने पाणी पिते, ही चैन नसून तो मिळवलेला हक्क आहे. हक्क वापरला नाही की तो अंगवळणी पडत नाही.

म्हणून येथे तीन दिवसांच्या एका सहलीची आखणी देत आहे. आम्ही तीन कुटुंबांनी मिळून ती केलेली आहे.

काळ निवडावा तो दिवाळीच्या सुट्टीनंतरचा किंवा डिसेंबरचा. मे महिन्यात डोंगरावरही ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात मावळ हिरवागार दिसतो, पण तो फसवा असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील माणसे लोंढ्यात वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला. मुले पाण्यात उतरायचा हट्ट करतातच. तेव्हा पाऊस संपल्यावर जाणे शहाणपणाचे.

पहिल्या दिवशी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरावी. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या आपल्या सोलापूरच्या चार वीरांची आठवण या गाडीच्या नावात आहे, हे मुलांना गाडीतच सांगावे. सेकंड सीटिंगचे आरक्षण आधी करून ठेवावे. पुण्यात उतरून लोणावळ्याची लोकल घ्यावी. दुपारी लोकल कमी असतात, म्हणून वेळा आधी विचारून घ्याव्यात. या एकाच लोकलवर आपली सगळी ठिकाणे आहेत : देहूरोड, तळेगाव, मळवली.

देहूरोडला उतरून बुद्धविहारात जावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. वर्धापनदिनाला येथे मोठी गर्दी होते. लहान-मोठी मुले सोबत असतील तर त्याच्या आधी किंवा नंतर गेल्यास शांतपणे बसता येते. वेळ उरल्यास तळेगाव दाभाडेला बाबासाहेबांचा बंगला आहे, तोही पाहावा. मुक्कामाचे म्हणाल, तर पिंपरी-चिंचवडला कामधंद्यासाठी गेलेला एखादा भाऊ, मेहुणा, भाचा सोलापूरच्या बहुतेक घरांत निघतो. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन गेलात तर वहिनीही खूश होतील. मात्र त्यांच्यावर स्वयंपाकाचा भार टाकू नये. एक वेळचे जेवण आपण करावे, आणि त्यात मुलांनाही हात लावायला सांगावे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने मळवली गाठावी. स्टेशनपासून भाजे गाव चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पायऱ्या चढून वर गेले की बावीस लेणी दिसतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनचे हे काम. चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, कारण कारागिरांनी लाकडी बांधणीचीच रीत दगडात उतरवली. छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजूनही आहेत. शेजारी चौदा स्तूप आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर. काहींवर दिवंगत थेरांची नावे कोरली आहेत. भिक्खूंच्या खोलीतल्या दगडी बाकावर बसून पाहिले की मुलांची बडबड आपोआप थांबते.

येथेच पाण्याचे एक टाके आहे. विण्हुदत नावाच्या महारठीने ते दान दिल्याचा लेख त्यावर आहे. त्याजवळ उभे राहून मुलांना दौलताबादच्या टाक्याची गोष्ट सांगावी. ज्या भूमीत कधी पाणी दान देणे हा धर्म होता, त्याच भूमीत पुढे पाण्याला शिवणे हा गुन्हा ठरला. मधल्या काळात काय झाले, हे मग मुले स्वतःच विचारतात.

भाज्यातून लोहगडाला पायवाटेने जाता येते. सवयीप्रमाणे दोन-अडीच तास लागतात. गड १,०३३ मीटर उंच आहे. एकामागून एक चार दरवाजे ओलांडून वर गेले की विंचूकाटा ही लांबच लांब सोंड दिसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत लोहगड आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची रग येथे जिरते. मुलींनाही बरोबरीने चढू द्यावे. "तू खाली आईजवळ थांब" असे सांगून मुलीला मागे ठेवू नये. आईलाही खाली थांबवू नये. हळूहळू का होईना, तीही चढते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी लोहगडवाडीपर्यंत गाडीने यावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्ले. वाटेत एकवीरा देवीच्या भक्तांची गर्दी असते, म्हणून लवकर चढावे. कोरीव चैत्यगृहांत देशातील सर्वात मोठे ते हेच. ते एका राजाने बांधले नाही. खांबाखांबावर देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीचा भूतपाल सेठी आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत आहे आणि दरवाजाचे काम केलेला सामी नावाचा सुतारही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराने आपल्या कामावर नाव कोरले, हे कष्टकऱ्याच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे.

मुलांना येथे एक काम द्यावे. घरून 'दानं' हा शब्द ब्राह्मी लिपीत कागदावर उतरवून न्यावा आणि तो लेखांत कोण आधी शोधतो ते पाहावे. आडव्या रेघेवर उभी रेघ म्हणजे 'न', एवढी खूण सुरुवातीला पुरते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांना सांचीच्या लेखांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या याच शब्दावरून ब्राह्मी उलगडण्याची किल्ली मिळाली. आमच्या बरोबरची मुले तासभर मोबाईल विसरून अक्षरे शोधत होती. दुपारी मळवली सोडली की संध्याकाळची हुतात्मा पुण्यात सहज मिळते.

आता हिशेब. महिन्याला ३०० रुपये बाजूला काढले तर दहा महिन्यांत ३,००० होतात. पाहुण्यांकडे मुक्काम असेल तर चौघांचा बराचसा खर्च त्यात भागतो. बचत गटाच्या भगिनी सहलीची वेगळी भिशीही चालवू शकतील. तीन-चार कुटुंबे मिळून गेल्यास रिक्षाचे, टमटमचे भाडे वाटून जाते. लेण्यांचे तिकीट माणशी २५ रुपयांच्या आसपास आहे आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते लागत नाही. एस.टी.ने जायचे असेल तर मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पैशाची वही मोठ्या मुलीकडे आणि गाड्यांच्या वेळा मुलाकडे द्याव्यात. घर कसे चालते, ते तीन दिवसांत त्यांना कळते.

बरोबर चांगल्या पकडीचे बूट, माणशी दोन बाटल्या पाणी, टोपी, गूळ-शेंगदाणे आणि पट्टी-मलम असावे. लेण्यांत आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, आरडाओरडा, दगडफेक करू नये. भिंतीवर आपले नाव कोरू नये. सामी सुताराने नाव कोरले ते काम केल्यानंतर, हे मुलांना सांगितले की पटते.

दिवाळीच्या गाड्या लवकर भरतात. तेव्हा या रविवारीच शेजारच्या दोन घरांना बोलवावे, मुलांनाही बैठकीत बसवावे आणि तारीख ठरवूनच उठावे.