दीर्घ मुदतीची ठेव

व्यापारी घरातील मुलाला अक्षरओळखीबरोबरच हिशेबाची ओळख होते. सायंकाळी रोकड मेळ जुळला की दिवस सार्थकी लागला, ही शिकवण त्याला वेगळी द्यावी लागत नाही. म्हणूनच ज्या संस्थेत माल निघत नाही आणि माणसे वर्षानुवर्षे समीकरणे मांडत बसतात, तिच्याविषयी अशा घरात एकच प्रश्न विचारला जातो : यातून मिळते काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर पुण्यात आहे.

पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली खगोलविज्ञान व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, म्हणजेच ‘आयुका’, स्थापन झाले. डॉ. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक संचालक. तेथे डॉ. संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींचा विषय हाती घेतला. दोन अतिजड तारे वा कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ आली की अवकाशातच तरंग उठतात, असे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून १९१६ मध्ये निष्पन्न झाले होते. परंतु हे तरंग इतके क्षीण, की चार किलोमीटर लांबीच्या नळीत पडणारा फरक प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाएवढा. भूमीच्या सततच्या कंपनात तो ओळखावा कसा?

सराफ कसोटीवर सोन्याची रेघ ओढतो आणि ठाऊक असलेल्या कसाच्या रेघांशी ती ताडून पाहतो. धुरंधरांची रीत तत्त्वतः हीच. लहर कशी असेल याचे असंख्य नमुने गणिताने आधीच तयार ठेवायचे आणि यंत्राच्या नोंदीशी एकेक जुळवून पाहायचा. नमुने किती असावेत, कोणते निवडावेत, याचा विचार त्यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला. नमुन्यांमागील सूक्ष्म गणितात बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर यांनी फ्रेंच शास्त्रज्ञांसमवेत मोठा वाटा उचलला. त्या वेळी अमेरिकेतील ‘लायगो’ या शोधयंत्राचे बांधकामही सुरू झाले नव्हते. माल येण्यापूर्वीच वजनमापे सिद्ध झाली होती!

पुढे यंत्र उभे राहिले. २००२ ते २०१० या काळातील निरीक्षणांत एकही लहर सापडली नाही. कोणत्याही पेढीने हे खाते बुडीत धरले असते. येथे मात्र यंत्र अधिक संवेदनक्षम करण्यात आले, आणि गणितही चालूच राहिले.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी एक थरथर नोंदली गेली. पहिली चाहूल दुसऱ्या एका पद्धतीने लागली. पण नमुन्यांच्या जुळणीने तिची खात्री पटवली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकरूप झाली होती. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची ती विवरे; त्यांतील तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने विखुरले. शोधनिबंधाच्या लेखकांत धुरंधरांचे नाव होते. मूळ काम होऊन जवळजवळ पाव शतक लोटले होते.

प्रत्येक ठेव अशी फळास येते असे नाही. कित्येक समीकरणे वहीतच राहतात आणि मांडणारा निवृत्त होतो. बारावी झालेली मुलगी घरात ‘मला भौतिकशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा वडिलांच्या मनात नेमकी हीच भीती असते. ती खोटी नाही आणि ती लपवूही नये. मात्र व्यापाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार, की पत एका हंगामात उभी राहत नाही, आणि आजोबांनी जोडलेले गिऱ्हाईक नातवाच्या काळात दुकानाची पायरी चढते?

२०२३ मध्ये केंद्र सरकारने हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो’चे भारतीय यंत्र उभारण्यास सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्या यंत्राच्या नोंदी तपासणारी माणसे आज कोठेतरी शाळेत शिकत आहेत. त्यांच्या घरी ‘मिळेल काय’ या प्रश्नाबरोबर ‘आपल्याला थांबता येईल किती’ हाही प्रश्न विचारला जावा. धीर हेही भांडवलच आहे, आणि ते व्यापारी घरांत पूर्वापार साठवलेले आहे.