बासुंदी फाटकातूनच परत

पितृपक्ष लागला की मोरव्यातल्या आमच्या छोट्या वृद्धाश्रमाचा फोन सकाळपासून वाजायला लागतो. ‘आईची तिथी आहे, सगळ्यांना जेवण द्यायचंय.’ ‘बाबांना जिलबी आवडायची, पाठवू का?’ एरवी ज्यांच्याकडे महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही, त्या आजीआजोबांच्या ताटात त्या पंधरवड्यात खीर, बासुंदी, पुरणपोळी एकामागून एक येऊन पडतात. सर्वपित्री अमावस्या झाली की थेट दिवाळीचा फराळ. मधल्या काळात वाढदिवस आहेतच, केक आणि फोटोंसकट.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या आहार विभागातून निवृत्त झाले आणि भाईंदर पश्चिमेला स्थायिक झाले. उत्तनच्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही जुनी आगरी गावं एकमेकांना लागून आहेत. बसने मोरव्याला उतरायचं आणि सकाळचा वेळ या स्वयंपाकघरात घालवायचा, असं माझं आता ठरून गेलंय. पगार नाही. बोलायचा हक्क मात्र आहे, आणि तो मी पुरेपूर वापरते.

स्वयंपाक करणाऱ्या मावशी गावातल्याच. हाताला चव अशी की पातळ मुगाची खिचडीही माणूस मागून घेईल. सुरुवातीला मी लांब दांडीचा थर्मामीटर आणला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “वरनाला ताप येतो काय?” आता त्याच मला विचारतात, “ताई, आमटीला सुई टोचली का?” शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, थंड ठेवायचं ते 5 अंशांच्या आत. अधल्यामधल्या तापमानात जंतू वाढतात. नियम एवढाच, पण मोठ्या पातेल्यातला भात झाकून ओट्यावर ठेवला की तो तासन्‌तास त्याच अधल्यामधल्या तापमानात रेंगाळतो. म्हणून उरलेलं अन्न आम्ही उथळ परातींत पसरून लवकर निववतो आणि फ्रिजमध्ये टाकतो. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली की फ्रिजमधलं काय टाकायचं, यावरून मावशींचं आणि माझं वाजतं. त्यांचा जीव अन्न टाकायला धजत नाही. माझाही धजत नाही, पण मी टाकते.

हे सगळं कडक का झालं, त्याला कारण आहे. एका लग्नाच्या हॉलमधून रात्री उशिरा उरलेला जिरा राईस आणि पनीरची भाजी आली होती. चांगल्या मनाने दिलेली, गाडी करून पाठवलेली. सकाळी गरम करून वाढली. दुपारपर्यंत सात जणांना उलट्या. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. तरुण माणूस दिवसभर पोट धरून बसेल आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाईल. म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी पोटातलं आम्ल कमी झालेलं, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यात तहान लागल्याचं कळतच नाही. त्या दिवशी एका आजींची मूत्रपिंडं थकली आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या परत आल्या, पण आधी काठीवर चालायच्या, नंतर खुर्चीतच राहिल्या. देणाऱ्यांना हे कधी कळलंच नाही. सांगणार तरी काय?

लोकांना वाटतं, हे कायदे हॉटेलवाल्यांसाठी आहेत. तसं नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात अन्नव्यवसायाच्या व्याख्येतच म्हटलंय की तो नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी. म्हणजे धर्मादाय वृद्धाश्रमाची चूलही त्यात आली. नोंदणी, तिचा 14 आकडी क्रमांक भिंतीवर, पिण्याच्या पाण्याची तपासणी, स्वयंपाक करणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठीही 2019 ची स्वतंत्र नियमावली आहे. कागद झाले म्हणजे स्वयंपाकघर स्वच्छ झालं, असं मी म्हणणार नाही. नोकरीत मी चकचकीत फायलींमागची बुरसटलेली लाटणीही पाहिली आहेत.

आणि जंतूंच्या पलीकडेही बरंच असतं. एका वाढदिवसाला पाहुणे म्हणाले, आम्ही स्वतः वाढणार. आधी दिवा लावणं, मग दोन शब्द, मग फोटो. इकडे मधुमेहाच्या आजीआजोबांना जेवणाआधीचं इन्शुलिन टोचून झालेलं. ते टोचलं की अर्ध्या तासात पोटात घास गेला पाहिजे. फोटो चालू असताना एक आजोबा घामाने भिजले, हात थरथरायला लागले, शब्द अडखळायला लागले. मी साखरेचं पाणी घेऊन धावले. शुद्धीत होते म्हणून पाजता आलं. फोटो काढणारा मुलगा म्हणाला, “आजोबा भावूक झालेत.”

गिळण्याचीही गोष्ट आहे. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला कोरडा लाडू, चिकट मोदक, अगदी पातळ पाणीसुद्धा ठसका लावतं आणि ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. आमच्याकडे प्रत्येकाच्या नावापुढे चिठ्ठी आहे: साखर नाही, मीठ कमी, मऊ भात, घट्ट पेज. बाहेरून आलेल्या डब्याला ती चिठ्ठी वाचता येत नाही.

गेल्या पितृपक्षात एक कुटुंब लांबून बासुंदी घेऊन आलं. स्टीलचे दोन मोठे डबे, वर केशर, पहाटे आटवलेली. वाटेत वाहतूक अडली, पोचायला साडेबारा वाजले. मी फाटकाशीच झाकण काढून सुई घातली. 38 अंश. ऊन तर असं की डबा हाताला चटके देत होता. व्यवस्थापक ताई नम्रपणे म्हणाल्या, घेता येणार नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचे यजमान चिडले, “श्राद्धाचं अन्न नाकारता? आम्हीही हेच खाणार आहोत.” मी म्हटलं, “तुम्ही खाल तर कदाचित पचवालही, यांना पचायचं नाही.” फार गोड बोलणं मला जमत नाही. शेवटी मोसंब्यांची पेटी ठेवून ते डबे घेऊन गेले. त्या बाईंनी पुढे फोन करून मऊ तांदूळ आणि मूगडाळीचा महिन्याचा खर्च दिला, आईच्याच नावाने. यजमान मात्र अजून बोलत नाहीत म्हणे.

अन्नदानाला माझा विरोध नाही. तिथीच्या दिवशी कुणी आपली आठवण काढून चार घास घालतं, याचं या माणसांना फार अप्रूप असतं. मावशीही त्या दिवशी खीर करतात, फक्त आमच्या चुलीवर, आमच्या चिठ्ठीप्रमाणे, ज्यांना चालते त्यांच्यासाठी. देणाऱ्याने समोर बसून जेवावं, गप्पा माराव्यात. नाहीतरी जेवणापेक्षा गप्पांचीच उपासमार जास्त आहे.

तेव्हा यंदा कुणाच्या नावाने पान वाढायचं असेल तर डबा भरण्याआधी त्या वृद्धाश्रमाला फोन करा. जेवणाची वेळ विचारा आणि त्याआधी पोचा. काय हवंय ते त्यांनाच सांगू द्या. गॅस सिलिंडर सांगतील, फ्रिजची दुरुस्ती सांगतील, प्रौढांचे डायपर सांगतील. आणि तुम्ही नेलेलं अन्न त्यांनी फाटकातूनच परत केलं, तर त्या जागेचा पत्ता नीट लिहून ठेवा. आपल्या माणसाला कधी कुठे ठेवायची वेळ आलीच, तर उपयोगी पडेल.